गिऱ्हाइकाला आभाराचे पत्र



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठे राजकारणी, इतिहाससंशोधक, शास्त्रज्ञ येऊन बोलून गेले. काल याच जागेवरून आपण विश्वाच्या उत्पत्तीविषयी ऐकलेत. उद्या संतवाङ्मयावर ऐकणार आहात. विश्वाची उत्पत्ती आणि संतवाङ्मय यांच्या मध्ये मी उभा आहे, आणि माझा विषय काय, तर गिऱ्हाइकाला आभाराचे पत्र कसे लिहावे! चिटणीसांनी विषय ऐकला तेव्हा ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, “यावर पाऊण तास बोलता येईल?” मी म्हटले, “यावर मी पस्तीस वर्षे पोट भरले आहे. पाऊण तासाचे काय घेऊन बसलात!”

ते खरेच होते. १९७१ पासून २००६ पर्यंत मी अंधेरीस साकी नाक्याजवळ एका गाळ्यात नोकरी केली. ‘गाळा’ म्हणजे काय हे उपनगरातल्या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. पत्र्याचे छप्पर, चार लेथ, दोन ड्रिलिंग मशिने, एक भट्टीवाला बाहेरचा, बावीस माणसे, आणि माळ्यावर लाकडी जिन्याने चढून गेले की एक टेबल. त्या टेबलाशी मी. हिशेब मी लिहावयाचा, चलने मी फाडावयाची, टंकलेखन मी करावयाचे, आणि मालकांच्या नावाने पत्रे मी लिहावयाची. खाली लेथ चालत असे, तेव्हा टेबल थरथरे आणि माझे अक्षर जरा हलून येई. एका जुन्या गिऱ्हाइकाने एकदा मला विचारले होते, “मास्तर, तुम्हाला कंपवात आहे काय?”

आपली ही उपनगरे कशी वाढली ते आठवा. अंधेरी, घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईत आले. बोरिवली आणि तुमचे मुलुंड १९५७ साली. त्यानंतर इकडे आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लाल बहादुर शास्त्री मार्गाच्या, दुतर्फा मोठाले कारखाने उभे होते. त्यांना फाटके होती, बागा होत्या, भोंगे होते. त्यांची नावे सर्वांना ठाऊक. पण त्या कारखान्यांना लागणारे बुश, वॉशर, पिना, झाकणे हे सगळे ज्या शेकडो गाळ्यांतून तयार होत असे, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नसत. अशा गाळ्याला हजार गिऱ्हाइके नसतात. आमच्या गिऱ्हाइकांची पुरी यादी एका पोस्टकार्डावर मावली असती आणि वर क्षेमकुशल लिहावयास जागा उरली असती. त्यातले एक जरी गेले तरी बावीसांपैकी पाच माणसे घरी बसणार. म्हणून, मंडळी, आभाराचे पत्र हा माझ्या दृष्टीने गोडबोलेपणाचा विषय नव्हे. तो पोटाचा विषय आहे.

आता बँकेत किंवा पोस्टात आपण गेलात तर भिंतीवर एक पाटी दिसते. गिऱ्हाईक हा आपल्या दारी येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली महात्मा गांधींचे नाव. कधी कधी त्यापुढे ‘१८९०, दक्षिण आफ्रिका’ असेही लिहिलेले असते. माझ्यासारख्या चलने तपासणाऱ्या माणसाला तारीख दिसली की ती ताडून पाहण्याची खोड असते. १८९० साली गांधीजी लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करीत होते. दक्षिण आफ्रिकेत ते गेले १८९३ साली. गांधीजींच्या लेखनात हा मजकूर सापडत नाही. १९४१ साली स्टुडबेकर या अमेरिकन मोटार कंपनीच्या विक्रीखात्याचे प्रमुख केनेथ एलियट यांच्या नावावर मात्र तो छापलेला सापडतो. म्हणजे मोटारी विकणाऱ्याचे शब्द आपण महात्म्याच्या तोंडी घातले आणि काचेत मढवून ठेवले. पाटी लावण्यास माझी हरकत नाही. पण त्या पाटीखाली बसलेला कारकून मान वर न करता “दुसऱ्या खिडकीवर जा” असे सांगतो, तेव्हा मला वाटते की छापील नम्रतेचा रोग आपल्याकडे जुना आहे. आभाराच्या पत्राला तोच रोग जडतो.

मराठीत तर त्याला आणखी एक अडचण आहे. आपल्या घरात आभार मानण्याची रीत नाही. आईने ताट वाढले म्हणून कोणी ‘धन्यवाद’ म्हणत नाही, म्हटले तर आई विचारील, “बरा आहेस ना?” शेजाऱ्याने वाटीभर साखर दिली तर ती वाटी रिकामी परत करावयाची नाही, तिच्यात काहीतरी घालून द्यावयाची, हा आपला आभार. तो वाटीने मानावयाचा, वाचेने नव्हे. शिवाय ‘आभार’ या शब्दातच भार आहे. समोरच्याने तो ठेवला, आपण तो वाहावयाचा. म्हणून खेड्यातला माणूस आभार मानले की संकोचतो आणि म्हणतो, “आभार कसले मानता, परके का आम्ही?” आमच्या गाळ्याला कऱ्हाडकडचे एक गिऱ्हाईक होते. त्यांना मी पहिले आभाराचे पत्र धाडले, तर त्यांचे उलट टपाली कार्ड आले: काही चुकले आहे काय, इतके परक्यासारखे का लिहिता?

आपल्या जुन्या पत्रलेखनाला हे मर्म ठाऊक होते. हेमाद्रीच्या नावावर सांगितले जाणारे ‘मेस्तक’ तरी काय आहे? कोणाला कोणता मायना लिहावा, वडिलांस कसे लिहावे, बरोबरीच्यास कसे, याचीच ती शिस्त. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’, ‘विनंती विशेष’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘लोभ असावा’. यांत कोठे ‘मी आपला आभारी आहे’ असे नाही. ‘लोभ असावा’ म्हणजे जे चालले आहे ते पुढे चालू राहो. माझ्या मते व्यापाराच्या पत्राला याहून चांगला शेवट सापडावयाचा नाही. आणि बिलाच्या तळाशी आमचे जुने व्यापारी चार अक्षरे लिहीत, ‘भू. चू. दे. घे.’ म्हणजे भूलचूक देणे घेणे. हिशेबात चूक निघाली तर तुमची आम्ही देऊ, आमची तुम्ही द्या. किती थोड्या अक्षरांत किती मोठा विश्वास! मला कोणी विचारले की मराठीतले सर्वांत चांगले व्यापारी वाक्य कोणते, तर मी हेच दाखवीन.

पण मी नोकरीस लागलो तेव्हा आमची पत्रे इंग्रजीत जात. घाटकोपर, मुलुंडमधली बरीच गिऱ्हाइके गुजराती, कच्छी. काही तमिळ, काही पंजाबी. सर्वांना चालेल अशी एकच भाषा म्हणून इंग्रजी. आणि ते इंग्रजी तरी कोणाचे? आमच्या आधीच्या कारकुनाने फोर्टातल्या एका गोऱ्या कंपनीच्या फायलीतून उतरून घेतलेले. आपल्या कृपाछत्राबद्दल आम्ही ऋणी आहोत, सदैव आपल्या सेवेची संधी मिळावी, वगैरे. ते पत्र लिहिणाऱ्याला कळत नसे, वाचणाऱ्यालाही कळत नसे, आणि दोघेही समाधानी असत.

व्यवहारात माल घेणाऱ्याशी खरे बोलणे कसे असते ते पाहावयाचे असेल तर आपल्याला उपनगर सोडून सांगली जिल्ह्यात जावे लागेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. ते सोडून ते बेळगावास गेले. सायकलींचे दुकान काढले, मग कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि पुढे लोखंडी नांगर केला. पहिले चाळीस नांगर तयार झाले आणि ते खपावयास दोन वर्षे लागली. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष उतरते, असे शेतकऱ्याला वाटे. आता तुम्ही त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. बापजाद्यांचा लाकडी नांगर टाकून, घरातला पैका मोडून, सगळा गाव हसत असता ज्याने पहिला लोखंडी नांगर घेतला, त्याने कारखानदारावर उपकार केले की कारखानदाराने त्याच्यावर? मला वाटते, पहिली चाळीस गिऱ्हाइके ही गिऱ्हाइके नसतातच. ती भागीदार असतात, फक्त त्यांना नफ्याचा वाटा मिळत नाही.

१९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. दहा वर्षांनी, १९२० साली, लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. शंकरराव मूळचे चित्रकलेचे. कारखान्याची खबर गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळावी एवढाच त्या पत्राचा आरंभीचा हेतू. पण शंकररावांच्या ध्यानात आले असावे की नांगर घेणारा माणूस चोवीस तास नांगरच घेत नसतो. त्याला घर असते, मुलेबाळे असतात, गोष्ट वाचावीशी वाटते, जगात काय चालले आहे ते समजावेसे वाटते. तेव्हा ‘खबर’मध्ये ते सगळे येऊ लागले. पुढे ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० साली ‘स्त्री’ निघाले, १९३४ साली ‘मनोहर’. ज्या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या वाढविल्या त्यांचे मूळ शोधीत गेलात, तर ते नांगराच्या गिऱ्हाइकाला धाडलेल्या चार पानांत सापडते. आता कोणी म्हणेल, ही जाहिरात होती. होतीच! जाहिरात नव्हती असे मी म्हणत नाही. पण वाचणारा माणूस आहे हे जिला ठाऊक आहे अशी जाहिरात आणि वाचणारा हा पाकीट आहे असे समजणारी जाहिरात, यांत फरक आहे.

आज तो दुसरा प्रकार फार बोकाळला आहे. तुम्ही एखादी चादर घरबसल्या मागवा. मागविल्याबद्दल आभार, पैसे पोहोचल्याबद्दल आभार, माल निघाल्याबद्दल, माल पोहोचल्याबद्दल, आणि शेवटी चादर कशी वाटली ते कळवा म्हणून विनंती. एका चादरीचे पाच निरोप, आणि त्यातला एकही कोणा माणसाने लिहिलेला नाही. आमच्या भाजीवाल्याकडे आता एक डबा आहे. पैसे जमा झाले की तो डबा ओरडतो, इतके रुपये मिळाले. पूर्वी भाजीवाला सुटे पैसे हातात ठेवताना “ताई, उद्या मेथी येणार आहे” असे म्हणे. डबा मेथीचे सांगत नाही. मी यंत्राचा वैरी नाही; यंत्रावरच माझे घर चालले. तारखाते २०१३ साली बंद झाले तेव्हा मी रडलो नाही. पण ज्याच्यासाठी कोणी क्षणभर तरी थांबले नाही, त्याला आभार म्हणावयास माझी जीभ वळत नाही.

त्या मानाने व्यापाऱ्याच्या कॅलेंडरात मला जास्त माणुसकी दिसते. १९७३ साली ‘कालनिर्णय’ निघाले आणि लवकरच दुकानदार आपल्या नावाची पट्टी छापून ते गिऱ्हाइकांना वाटू लागले. त्यात आभाराचा एकही शब्द नसतो. पण ते स्वयंपाकघरात खिळ्याला बारा महिने राहते, त्यावर दुधाचा हिशेब होतो, गॅस कधी लावला ती तारीख पडते, आणि तळाशी आपल्या वाण्याचे नाव असते. पुन्हा ती वाटीचीच रीत आली!

तेव्हा पत्र लिहावयाचे तर कसे? मी काही नियमांचे पुस्तक लिहिलेले नाही. माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्याच सांगतो. पहिली चूक नावाची. ‘मे. अमुक आणि कंपनी’ असे लिहून पत्र पाठविले की ते कोणालाच मिळत नाही; फायलीला मिळते. कारखान्यात आमचा माल तपासून घेणारा एक भांडारपाल असे, बिल पास करणारा एक हिशेबनीस असे. मालकाला आम्ही दिवाळीला मिठाई नेत असू आणि ज्याच्या सहीवाचून आमचे बिल तीन महिने पडून राहिले असते त्याचे नावही आम्हांला धड ठाऊक नसे. पुढे मी एक वही केली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरातल्या अशा माणसांची नावे लिहून ठेवली, शुद्धलेखनासकट. आडनावातला ऱ्हस्व चुकला तर पुढच्या साऱ्या नम्रतेवर पाणी पडते. आणि पत्त्याबद्दल सांगतो. पिनकोड १९७२ साली स्वातंत्र्यदिनी सुरू झाला. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे पोस्टखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. गावोगावच्या सारख्या नावांनी पत्रे भरकटत, म्हणून त्यांनी सहा आकडे दिले. मुलुंड पश्चिम ४०००८०, पूर्व ४०००८१. रूळ ओलांडले की आकडा बदलतो. मी एकदा तो बदलला नाही आणि माझे आभार फाटकाच्या पलीकडे चार दिवस अडकून पडले.

दुसरी गोष्ट वेळेची. आभार दिवाळीपर्यंत साठवून ठेवावयाचे नसतात. दिवाळीला सगळेच आभार मानतात, त्या ढिगात आपलेही एक. आषाढात, बाहेर पाऊस कोसळत असता, काही निमित्त नसताना आलेले चार ओळींचे कार्ड माणूस दोनदा वाचतो.

तिसरी गोष्ट शेपटाची. ‘आपले आभारी आहोत’ असे लिहून त्याखाली ‘तरी आमच्या नव्या मालाची किंमतपत्रिका सोबत जोडली आहे’ असे लिहिले की वरचे सगळे खोटे ठरते. ज्या दिवशी आभार मानावयाचे त्या दिवशी काही मागावयाचे नाही. हे मला समजावयास फार वर्षे लागली, आणि मालकांना तर शेवटपर्यंत पटले नाही. ते म्हणत, “चार आण्याचे तिकीट लावलेच आहेस, तर किंमतपत्रिका काय जड होते?”

आणि जो पैसे वेळेवर देत नाही त्याचे काय, असे आपल्यापैकी जे धंद्यात आहेत ते मनात म्हणत असतील. त्यालाही लिहावे, पण आभाराच्या पत्रात वसुली घुसडू नये आणि वसुलीच्या पत्रात आभार घुसडू नयेत. ‘आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद, तथापि आपली बाकी चार महिने थकली आहे’ हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा लिहिले आहे. त्या ‘तथापि’ने मला एकदाही पैसे मिळवून दिले नाहीत. दोन निरोप, दोन कार्डे. खर्च होतो, होऊ द्या.

आता जी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली ती सांगतो. ती मुलुंडची आहे. त्या गृहस्थांचे नाव सांगत नाही, कारण या सभागृहात त्यांच्या ओळखीचे कोणी निघेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले हे आपल्याला माहीत आहे. पण गिरण्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या गाळ्यांत लेथही थांबले, हे फारसे कोणी लिहिले नाही. आमचे निम्म्याहून अधिक काम गिरण्यांचे. पंधरवड्यात ते आटले. आमच्या मालकांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णांनी बायकोच्या पाटल्या मोडून जानेवारीचा पगार केला, हे मला ठाऊक होते, कारण सोनाराची पावती हिशेबात कोठे दाखवावयाची हा प्रश्न माझ्याचपुढे आला होता. फेब्रुवारीचे काय, ते कोणालाच माहीत नव्हते.

मुलुंडला आमचे एक कच्छी गिऱ्हाईक होते. पाण्याचे पंप करीत. आमच्याकडून महिन्याला शंभर-दीडशे गनमेटलचे बुश नेत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते शेठ स्वतः आमच्या गाळ्यात आले. बंद लेथ पाहिले, काही बोलले नाहीत. जाताना अण्णांना म्हणाले, “मला यंदा सहाशे बुश एकदम करून ठेवायचे आहेत. अर्धे पैसे आज घ्या.” पावसाळ्याआधी पंपांना मागणी असते हे खरे, पण सहाशे बुशांची त्यांना गरज नव्हती, हे आम्हांलाही कळत होते आणि त्यांनाही. त्या पैशातून बावीस माणसांचा फेब्रुवारीचा पगार झाला. मार्चपासून अण्णांनी दुसरी कामे मिळविली, आणि गाळा तरला.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या मध्याला आली. मी सायक्लोस्टाइलवर एक पत्र काढले. आपल्या वर्षभराच्या सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत, दिवाळीच्या शुभेच्छा, खाली अण्णांच्या सहीचा शिक्का. पन्नास प्रती काढल्या आणि सर्वांना धाडल्या. शेठनाही तीच.

आठ दिवसांनी एक लाकडी खोका हातगाडीवरून परत आला. आत दीडशे बुश. झाकणावर माझे सायक्लोस्टाइलचे पत्र गोंदाने चिकटविलेले, आणि त्यावर लाल पेन्सिलीने मराठीत लिहिलेले: “आभार मिळाले. बुश परत.”

मी फाईल काढली. शेठचे महिन्याच्या आरंभीचे तक्रारीचे पत्र तिच्यात होते. बुशांची भोके लहान झाली आहेत, पंपात बसत नाहीत. पत्र आले होते, मी त्याला भोक पाडून फाईलला लावले होते आणि दिवाळीच्या घाईत विसरलो होतो. ज्या माणसाने आम्हांला जगविले त्याला आम्ही खराब माल दिला, त्याच्या तक्रारीचे उत्तर दिले नाही, आणि वर छापील आभार पाठविले!

मी अण्णांना म्हटले, “अण्णा, चूक कबूल करून पत्र लिहू या.” अण्णा चांगले होते, पण व्यापारी होते. म्हणाले, “तोंडाने जाऊन सांग. कागदावर लिहून दिलेस की उद्या डेबिट नोट येईल. कागद न्यायालयात बोलतो रे.” त्यांचे म्हणणे चूक नव्हते. रीमर झिजला होता, नवा घ्यावयाला पैसे नव्हते, म्हणून चार दिवस तोच चालविला होता. हे कागदावर येणे म्हणजे आपणच आपल्या नावे दंड लिहिणे होते. मी त्या रात्री घरी गेलो नाही. लेथ बंद झाल्यावर टेबल हलत नाही, अक्षर चांगले येते. मी इंग्रजी सोडले आणि हाताने लिहिले. त्याची प्रत माझ्याजवळ आहे, ती वाचतो:

“शेठजींस, स. न. वि. वि. आपल्या तक्रारीच्या पत्राचे उत्तर न देता आम्ही आपल्याला दिवाळीचे छापील आभार पाठविले. ही चूक माझी, अण्णांची नव्हे. बुशांची भोके आमच्याच लेथवर लहान झाली. रीमर झिजला होता आणि तो बदलण्यास आम्ही चार दिवस उशीर केला. दीडशे नवे बुश शनिवारी आपल्या दारी येतील. त्यांचे पैसे लावलेले नाहीत. दुसरे असे की फेब्रुवारीत आपण सहाशे बुशांची ऑर्डर दिलीत, तेव्हा आमच्याकडे पगाराला पैसे नव्हते. बावीस माणसांचा त्या महिन्याचा पगार आपल्या आगाऊ रकमेतून झाला. हे आम्ही आपल्याला आजवर सांगितले नव्हते. कळावे, लोभ असावा.”

सकाळी अण्णांनी ते वाचले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पगाराचे कशाला लिहिलेस? आपली अब्रू गेली ना.” मी म्हटले, “अण्णा, ते काढले तर उरते काय?” त्यांनी सही केली. शिक्का नव्हे, सही.

शनिवारी मी खोका टेम्पोत चढविला आणि स्वतः घाटकोपरची बस धरली, तिथून गाडीने मुलुंड. शेठ टेबलाशी होते. पत्र वाचले, घडी केली, खिशात ठेवले आणि मला म्हणाले, “मास्तर, चहा घ्या.” बुशांविषयी अक्षर नाही, पगाराविषयी अक्षर नाही. मी चहा घेतला आणि परत आलो.

पुढच्या महिन्यात डेबिट नोट आली. अण्णांचे भाकीत खरे ठरले. खराब बुश बसविताना फुकट गेलेली मजुरी त्यांनी पैशापैशाने कापून घेतली होती. अण्णांनी ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, “घ्या तुमचे आभार.” त्याच पाकिटात मागे आणखी एक कागद चिकटला होता. तो दीडशे बुशांच्या नव्या ऑर्डरीचा होता. त्याच्या कडेला लाल पेन्सिलीने लिहिले होते, “भोक मोजून पाठविणे.”